आधी मोजावे, मग मागावे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या कार्यवाहबाईंनी केली, तेव्हा माझी अवस्था परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी झाली. मी काही विदुषी नव्हे. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण चुलीपुढे आणि नळाच्या रांगेत झालेले. त्यात विषय दिला तो स्वच्छ विजेचा आणि स्वच्छ वाहतुकीचा. घरी सांगितले तर आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, वीज कधी मळते का? बटण दाबले की दिवा लागतो. त्यात स्वच्छ काय नि अस्वच्छ काय!"

जाऊबाई येथेच पुढे बसल्या आहेत. त्यांनी रागावू नये. त्यांचा प्रश्न साधा आहे, पण पोटातला आहे. म्हणून तेथूनच सुरुवात करते.

मी या गावात सून म्हणून आले, तेव्हा तळवडे हे हवेली तालुक्यातले शेतकऱ्यांचे गाव होते. इंद्रायणीकाठी मळे होते आणि घरोघरी चूल होती. आमच्या सासूबाई पहाटे चार वाजता चूल पेटवीत. फुंकणीने फुंकून फुंकून त्यांचे डोळे कायम लाल असत, आणि खोकला तर त्यांच्या आवाजाचाच भाग होऊन बसला होता. पुढे गॅस आला. 1997 साली गाव महापालिकेत गेले. मळ्यांच्या जागी कारखान्यांच्या शेडी आल्या, संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आल्या. घरात पंखा, फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार आली. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या राहू लागल्या. धूर गेला, असे आपण म्हटले.

पण भगिनींनो, धूर गेला कोठे? माझ्या भाचीने मला एकदा हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले. ती म्हणाली, "मावशी, आपल्या राज्यातली सर्वात जास्त वीज अजून कोळशापासून होते. चंद्रपूरचे वीज केंद्र 2920 मेगावॉटचे आहे. तुझ्या घरातला धूर तिकडच्या बायांच्या अंगणात गेला, एवढेच." पुढे मी वाचले की, जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथला राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत शिरले. त्या शेतांत आपल्यासारख्याच कोणी बायका निंदणी करीत असतील. आपण येथे बटण दाबतो, राख त्यांच्या पिकावर पडते.

कोणी म्हणेल, मग पाण्यावरची वीज बरी. बरी खरीच. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण झाले ते मुंबईला वीज देण्यासाठी, आणि त्यात मावळ्यांची भाताची खाचरे बुडाली. 1921 साली सेनापती बापट यांनी तेथे सत्याग्रह केला, त्यात स्त्रियाही उतरल्या होत्या. धरण अखेर झालेच. तेव्हा वीज कशाची, एवढेच विचारून भागत नाही. कोणाच्या जिवावर, किती दराने आणि कोणाला विचारून, हेही विचारावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे आपण विचारायचे कोणाला? तळवड्याच्या बाईचे कोण ऐकतो? मीही असेच म्हणत असे.

आपल्या पुण्यात प्रयास नावाची एक संस्था आहे. 1994 साली तिची नोंदणी झाली. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे अशी काही अभ्यासू तरुण मंडळी त्यात होती. त्या काळी दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा फार गाजावाजा होता. डिसेंबर 1993 मध्ये वीज मंडळाने त्या कंपनीशी करार केला होता. बाजूचेही पुष्कळ बोलत, विरुद्धही पुष्कळ बोलत. या मंडळींनी काय केले? त्यांनी कराराचा हिशेब मांडला. वीज घेतली तरी आणि न घेतली तरी मंडळाला किती द्यावे लागेल, इंधन महागले तर काय, डॉलर वधारला तर काय, हे आकड्यांत काढून 1995 साली छापून ठेवले. पुढे काय झाले ते आपणास ठाऊक आहे. मे 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि 2001 च्या मे महिन्यात, दोन वर्षांच्या आत-बाहेर, ते केंद्र बंद पडले. ती वीज मंडळाला परवडेना. गिरीश संत 2012 साली गेले, पण ती पद्धत राहिली. ओरडण्याआधी मोजायचे, आणि मोजलेले सर्वांना कळेल असे लिहायचे.

दुसरी गोष्ट मला त्याहून नवलाची वाटली. आपल्या विजेचा दर कोणी साहेब खोलीत बसून ठरवीत नाही. त्यासाठी राज्याचा वीज नियामक आयोग आहे. तो 1999 साली स्थापन झाला. 2003 च्या वीज कायद्यात असे लिहिले आहे की, दरवाढीचा प्रस्ताव आला की तो लोकांसमोर प्रसिद्ध करावा आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच निर्णय द्यावा. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते. त्या वर्तमानपत्रावर आपण भाजी निवडतो. (हशा) हसू नका, मीही निवडली आहे.

अशाच एका जनसुनावणीला भाची मला घेऊन गेली. मोठे सभागृह, पुढे आयोगाची मंडळी, समोर माइक. मी मागच्या बाकावर बसले होते. मनात भाषण तयार होते. महागाई कशी झाली आहे, गरिबांनी कसे जगावे, वगैरे. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, मांडीवर बिलांची चळत. त्यांनी मला विचारले, "बाई, आपण काय बोलणार?" मी सांगितले. ते सौम्यपणे म्हणाले, "ते खरेच आहे. पण तुमच्या घरी महिन्याला किती युनिट जळतात? गेल्या महिन्यात किती वेळ वीज गेली होती?"

मला सांगता येईना. वीस-बावीस वर्षे मी बिल भरीत आले होते, पण बिलाचा आकडा सोडून त्यावरचे एक अक्षर वाचले नव्हते. माझा नंबर आला तेव्हा मी उठलेच नाही. लाज वाटली. पण ती लाज उपयोगी पडली. येताना मी निगडीत उतरले आणि एक शंभर पानी वही घेतली.

त्या वहीत मी रोज मीटरचा आकडा लिहू लागले. वीज गेली की वेळ लिहू लागले. प्रयास संस्थेने याच कामासाठी एक लहानसे यंत्र वापरले आहे. ते घरातल्या प्लगला लावले की दर मिनिटाला विजेचा दाब नोंदवते. मग 'आमच्याकडे वीज जातच नाही' असे कोणाला म्हणता येत नाही. माझ्याकडे यंत्र नव्हते. वही आणि स्वयंपाकघरातले घड्याळ होते. तेवढ्यानेही पुष्कळ कळले.

उदाहरण सांगते. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉट घेतो. दिवसातून 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट होतात. हल्ली नव्या जातीचे पंखे मिळतात, ते 30 वॉटच्या आसपास घेतात. त्याच पंख्याचे महिन्याला 11 युनिटही होत नाहीत. आमच्या घरात तीन पंखे. म्हणजे महिन्याला 48 युनिटांचा फरक. आपल्या बिलात 100 युनिटांपर्यंतचा दर कमी आणि त्यापुढचा बराच जास्त, हे ध्यानात घ्या, म्हणजे या 48 युनिटांची किंमत कळेल. घरबसल्या वाचवलेला युनिट हा सर्वात स्वच्छ युनिट. त्यासाठी चंद्रपुरात कोळसा जाळावा लागत नाही आणि मुळशीत कोणाचे खाचर बुडत नाही.

दिव्यांचेही तसेच झाले. 2015 साली सरकारने एलईडी दिव्यांची एकत्र खरेदी करून घरोघर देण्याची योजना काढली. मोठी मागणी एकत्र झाल्यामुळे जो दिवा खरेदीत 310 रुपयांना पडत असे तो काही वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. एकीने मागितल्याने भाव उतरतो, हे भिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना कोणी निराळे शिकवायला नको.

इथवर मी विजेचे बोलले. आता वाहतुकीचे बोलते, आणि येथे मला माझ्या घरचे एक सांगावे लागेल. सांगू की नको असे पुष्कळ दिवस मनात होते. माझ्या सुनेने "सांगा" म्हटले, म्हणून सांगते.

माझी थोरली सून एका लहान कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर होती. काम चोख, वरिष्ठ खूश. दुसरी पाळी असली की सुटायला रात्रीचे अकरा होत. चौकापर्यंत ती कशीबशी रिक्षाने येई. चौकापासून आमच्या गल्लीपर्यंत मात्र चालत. त्या रस्त्याला पदपथ नाही, दिवे कधी लागलेले कधी विझलेले, आणि चाकणकडे जाणारे अवजड ट्रक अंगाला लागून जातात. माझा मुलगाही पाळीवर. तो आणायला जाऊ शकत नसे. एका पावसाळ्या रात्री ती घरी आली ती चिखलाने माखलेली, एक चप्पल हातात, कोपर फुटलेले. ट्रकला वाट देताना गटाराच्या कडेला पडली होती. ती काही बोलली नाही. हातपाय धुऊन मुलांच्या अंगावर पांघरूण घालून झोपली.

सकाळी घरात ठरले, नोकरी सोडायची. ठरवणाऱ्यांत मीही होते. तिला कोणी विचारले नाही. तिच्या पगारातून मुलांची फी जात होती, तिला स्वतःला त्या कामाचा अभिमान होता, हे मला ठाऊक होते. तरी मी गप्प बसले. आम्हाला रस्ता बदलता येईना, म्हणून आम्ही सुनेला बदलले. यात दोष कोणा एकाचा म्हणून मी सांगत नाही. माझा वाटा मात्र मला माहीत आहे.

स्वच्छ वाहतूक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजेवरची स्कूटर येते. ती आपल्या शेजारीच, आकुर्डीला तयार होते. 1972 साली बजाजची चेतक आली ती पेट्रोलवरची; त्याच नावाची विजेवरची चेतक 2020 साली बाजारात आली आणि 2022 पासून आकुर्डीत तिचा स्वतंत्र कारखाना आहे. चांगली गोष्ट आहे. धूर नाही, आवाज नाही. पण भगिनींनो, रस्त्यावर पेट्रोलच्या हजार गाड्यांऐवजी विजेच्या हजार गाड्या उभ्या केल्या तर कोंडी तीच राहील. आणि माझ्या सुनेला स्कूटर घेण्याइतके पैसेही नव्हते नि चालवण्याचे धाडसही नव्हते. तिला हवी होती वेळेवर येणारी बस, आणि बसमधून उतरल्यावर चालायला उजेडाची चार फूट जागा.

हेच म्हणणे पुण्यातील परिसर ही संस्था कित्येक वर्षे मांडीत आली आहे. पायी चालणारा, सायकलवाला आणि बसचा प्रवासी यांना रस्त्यात पहिला मान द्या, मोटारीला नंतर. प्रवाशांची बाजू मांडणारा पीएमपी प्रवासी मंचही आहे. अशा लोकांनी प्रश्न लावून धरला म्हणजे थोडे थोडे हलते. 2007 साली दोन्ही शहरांची बससेवा एक झाली. 2015 साली सांगवी ते किवळे बसला स्वतःची मार्गिका मिळाली. महिलांसाठी तेजस्विनी बस 2018 साली सुरू झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये विजेवरच्या पहिल्या बस आल्या, त्यांतल्या काही आपल्या निगडीच्या आगारातून निघाल्या. मार्च 2022 मध्ये पिंपरीतून मेट्रो धावू लागली आणि 2024 साली निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाची पायाभरणी झाली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जून 2025 पासून बसचे किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झाले आणि महिन्याचा पास 900 वरून 1500 रुपयांवर गेला. एसटीने मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट केले, कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून राज्याच्या साध्या बसमधून बायकांचा प्रवास मोफत झाला. हे सारे कोठे ना कोठे, कोणीतरी मागितल्यामुळे झाले. महिन्याला 600 रुपये जास्त म्हणजे धुण्याभांड्याचे एक काम. आपण मागितले का? मागितले असेल तर घरातल्या घरात, आमटी ढवळताना.

म्हणून गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या आम्ही सहाजणींनी ठरवले, आधी मोजू. पंधरा दिवस पाळीपाळीने चौकात उभे राहून आम्ही वहीत नोंद केली. रात्री दहानंतर किती बायका उतरतात, कशाने येतात, कोणत्या बाजूला चालत जातात, कोणते दिवे बंद आहेत. मला वाटत होते चार-सहा निघतील. दररोज वीसच्या वर निघाल्या. कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, इमारतींत झाडलोट करणाऱ्या. त्यांतल्या कित्येकींना मी नावाने ओळखत होते, पण त्या या वेळी एकट्या चालत असतात हे मला ठाऊक नव्हते. माझ्या सुनेप्रमाणे त्याही घरी काही बोलत नसतील.

ती नोंद, रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा आणि 112 सह्या घेऊन आम्ही अर्ज दिला. पहिल्यांदा कागद ठेवून घेतला. दुसऱ्यांदा "साहेब नाहीत" असे ऐकले. तिसऱ्यांदा आम्ही वही उघडून पुढे ठेवली. तेथले अधिकारी पाने उलटीत राहिले. ते म्हणाले, "हे तुम्ही केलेत?" महिन्याभरात बंद दिव्यांपैकी सात लागले. पदपथ अजून झालेला नाही. रात्रीच्या बसबद्दल उत्तर आलेले नाही. सुनेची नोकरीही परत मिळाली नाही. त्या जागी दुसरी लागली. हे मी लपवीत नाही. वहीने सगळे मिळते असे मी म्हणत नाही. पण सात दिवे लागले, ते या वहीने.

आता छपरावरच्या सौर विजेबद्दल थोडे बोलते, कारण पुष्कळजणी विचारतात. एक किलोवॉटच्या पट्ट्यांपासून आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या योजनेत घरासाठी एक किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान ठेवले आहे. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे 18,000 आहेत. दिवसा जास्त झालेली वीज तारेत जाते आणि मीटर ती वजा धरतो. हे झाले ज्यांचे छप्पर आहे त्यांचे. आपल्यातल्या निम्म्या भगिनी भाड्याच्या खोलीत राहतात. छप्पर मालकाचे, बिल भाडेकरूचे. त्यांनी काय करावे, हा प्रश्न पुढच्या जनसुनावणीत कोणीतरी विचारला पाहिजे. मला वाटते, तो आपण विचारावा. आणि सौरवाला दारी आला तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तो योजनेच्या यादीत आहे का, हे पाहावे. गोड बोलणे हे काही हमीपत्र नव्हे.

वेळ झाली, अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत. तीन विनंत्या करते आणि थांबते. पहिली, उद्यापासून प्रत्येकीने आपल्या घरचे वीजबिल स्वतः वाचावे आणि महिन्याचे युनिट एका कागदावर लिहून मंडळाच्या बैठकीला आणावेत. दुसरी, वीजदराच्या सुनावणीची जाहिरात येईल तेव्हा ज्या भगिनीला प्रथम दिसेल तिने ती कापून मंडळाच्या फळ्यावर लावावी. त्यावर भाजी निवडू नये. आणि तिसरी, चौकातली मोजणी दर सहा महिन्यांनी चालू ठेवावी, म्हणजे बसचा अर्ज जुना झाला असे कोणाला म्हणता येणार नाही.

मोजणीची वही आता माझ्याकडे नाही. ती माझ्या सुनेकडे आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि माल तपासण्याची सवय असल्यामुळे तिची नोंद चुकत नाही. पुढच्या खेपेस अर्ज घेऊन ती जाणार आहे. ज्यांना तिच्याबरोबर रात्री चौकात तासभर उभे राहता येईल त्यांनी सभा संपल्यावर तिच्याकडे नाव द्यावे. ती दाराजवळ बसली आहे.